रविवारी घेतलेल्या ठेवी

"सात ऑगस्टला ठेव? दोन हजार एकोणीसच्या?" काउंटरवरच्या मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, त्या दिवशी ऑफिसात कमरेएवढं पाणी होतं. ठेव काय होडीतून घेतली आम्ही?"

मी हातातल्या यादीकडे बघितलं. ७ ऑगस्ट २०१९ या तारखेच्या नऊ ठेवी होत्या. आदल्या दिवशीच्या सहा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तो हा आठवडा. अर्धं शहर पाण्यात, आणि माझ्या नव्या डेटाबेसच्या म्हणण्यानुसार लोक रांग लावून मुदत ठेवी ठेवत होते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. सांगलीतली एक पतसंस्था, तीन शाखांची. पुरात मुख्य शाखेचा जुना संगणक भिजला, बॅकअप वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. संचालकांनी ठरवलं, आता नवीन प्रणाली घ्यायचीच. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममधला सगळा डेटा काढून एसक्यूएल सर्व्हर २०१४ या नव्या डेटाबेसमध्ये भरायचं काम माझ्याकडे आलं. काम पंधरा दिवसांचं, असं मीच छाती ठोकून सांगितलं होतं.

फॉक्सप्रोमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकार असतो. तरीही आधीच्या प्रोग्रामरने तारीख दहा अक्षरांच्या मजकुरात ठेवली होती. का, ते विचारायला तो माणूस आता सापडत नाही. पण मला अंदाज आहे: पावतीवर जसं छापायचं तसंच साठवून ठेवलं की छापताना काही करावं लागत नाही. तेवढ्यापुरतं सोयीचं. त्यामुळे त्या रकान्यात जे जे बोटांना सुचेल ते ते होतं. ०८/०७/२०१९, ८-७-१९, ०८.०७.२०१९, मधूनच १५-ऑग-१६ आणि काही ठिकाणी नुसतं रिकामं.

पहिल्या दिवशी मी साधं कास्ट लावलं. मजकुराचं डेट कर, एवढंच. क्षणात लाल अक्षरांत एरर: अक्षरांतून तारखेत रूपांतर होऊ शकलं नाही. एक ओळ अडली की सगळं इन्सर्ट मागे फिरतं. मग ट्राय_कन्व्हर्ट घेतलं. हे २०१२ च्या आवृत्तीपासून मिळालेलं फंक्शन, रूपांतर जमलं नाही तर आरडाओरडा न करता नुसतं नल, म्हणजे रिकामी जागा, देतं. एकेचाळीस हजार ओळींपैकी पंचवीस हजारांच्या आसपास नल आल्या. त्यातल्या दहा-वीस डोळ्यांखालून घातल्या: २५/०४/२०१८, १७/११/२०१६, ३०/०९/२०१७. लगेच ट्यूब पेटली. सर्व्हर अमेरिकन पद्धतीने महिना आधी वाचतोय, पंचविसावा महिना त्याला कुठून सापडणार? यावर औषध माहीत होतं. कन्व्हर्टला तिसरा आकडा देता येतो, शैलीचा. १०३ दिला की दिवस-महिना-वर्ष, तिरक्या रेघांसकट. मी कोअलेस लावून लिहिलं: आधी साधं ट्राय_कन्व्हर्ट करून बघ, नल आलं तर १०३ ने कर, तरीही नल तर १०४ ने, म्हणजे टिंबवाल्या तारखा, मग १०५ ने डॅशवाल्या. दोन आकडी वर्षांसाठी त्याच्या धाकट्या शैली ३, ४ आणि ५.

नल उरल्या फक्त साठ-सत्तर. त्यात ३१ जून होता, ३० फेब्रुवारी होता. त्या मी वेगळ्या तक्त्यात काढून ठेवल्या, व्यवस्थापकांना यादी दिली, रजिस्टर बघून दुरुस्त करा म्हणालो. संध्याकाळी बसस्टँडसमोर भेळ खाल्ली. कामात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं, पण मला तसं वाटत होतं खरं.

चूक कुठे होती ते जाणत्याच्या लक्षात आलं असेलच. मी सगळं लक्ष अडलेल्या ओळींवर दिलं. ज्या पहिल्याच फेरीत सुटल्या त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ०८/०७/२०१९ ही ८ जुलैची ठेव. अमेरिकन डोळ्यांना ती ७ ऑगस्ट दिसते. आठवा महिना असतो, सातवा दिवस असतो, तक्रारीला जागाच नाही. ती निमूट आत गेली, १०३ च्या दारापर्यंत पोचलीच नाही. अडलेल्या पंचवीस हजार तारखा बरोबर बसल्या होत्या आणि न अडलेल्या सोळा हजार जवळपास सगळ्या चुकल्या होत्या.

त्या रात्री कागदावर हिशोब मांडला. दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत असतील तरच घोळ होतो. वर्षातले असे दिवस बारा गुणिले बारा, १४४. त्यातले १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे बारा दिवस उलटे केले तरी तेच राहतात. उरले १३२. म्हणजे वर्षातले १३२ दिवस माझ्या क्वेरीने (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेने) गुपचूप दुसरीकडे नेऊन ठेवले होते. उरलेले २२१ दिवस अडले, म्हणून वाचले. शेकडा साठ अडणार हे आधी हिशोबाने ताडून बघितलं असतं, तर पंचवीस हजारांचा आकडा बघताच मला कळायला हवं होतं की उरलेल्यांचं काय झालंय.

मॅडमना दुसऱ्या दिवशी सांगितलं की दिवस-महिन्याची अदलाबदल झालीय. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी यादीतली आणखी एक ओळ दाखवली. ४ ऑगस्ट २०१९. "ही पण बघा. त्या दिवशी रविवार होता. आम्ही रविवारी उघडत नाही." रजिस्टर काढलं तर खरी तारीख ८ एप्रिल, सोमवार. ठेवीदाराचे ११८ दिवस गेले होते. म्हणजे तेवढं व्याज, आणि मुदतपूर्तीही तेवढीच पुढे.

रविवार! मला हे सुचायला हवं होतं. तारीख बरोबर आहे की नाही हे तारखेकडे बघून कळत नाही, पण पतसंस्था रविवारी बंद असते हे तर पक्कं आहे. डेटनेमला वीकडे सांगितलं की वाराचं नाव मिळतं. वारानुसार ठेवी मोजल्या. सोमवार ते शनिवार हजारोंनी, आणि रविवारच्या दोन हजारांवर! भलतीकडे गेलेल्या तारखा सातही वारांवर सारख्या सांडणार, त्यातला सातवा हिस्सा रविवारी पडणार. आकडा बरोबर तेवढाच येत होता. चूक कबूल करायचा इतका नेटका पुरावा मी पुन्हा पाहिलेला नाही.

सुदैवाने मूळ मजकुराचा रकाना मी काढून टाकला नव्हता. भरतानाचा कच्चा तक्ता तसाच ठेवायचा, ही एक सवय कामी आली. सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली.

मोह एकच झाला. सेट डेटफॉरमॅट डीएमवाय अशी एक ओळ वर टाकली की त्या सेशनपुरता सर्व्हर दिवस आधी वाचायला लागतो. टाकली. ठेवी जागेवर आल्या. पण मी तपासणीसाठी लिहिलेल्या क्वेऱ्यांमध्ये तारखा २०१९-०४-०८ अशा, डॅश देऊन होत्या. ही तर जगमान्य पद्धत, तिला काय होणार? होतं. रकाना तारखेसोबत वेळही ठेवणाऱ्या जुन्या डेटटाइम प्रकारचा असेल तर डीएमवाय लागू असताना सर्व्हर हे वर्ष-दिवस-महिना असं वाचतो. ८ एप्रिल पुन्हा ४ ऑगस्ट! नव्या डेट प्रकारात हे होत नाही, जुन्यात होतं. त्या दिवसापासून क्वेरीत हाताने तारीख लिहायची तर २०१९०४०८, सलग आठ आकडे, मधे काही नाही. ते कुठल्याही सेटिंगमध्ये एकच अर्थ देतं.

शेवटी नियम असा केला: शैलीचा आकडा न देता एकही रूपांतर करायचं नाही. आधी लाइक लावून मजकुराचा साचा बघायचा, तिरकी रेघ आहे की टिंब, वर्ष दोन आकडी की चार, आणि मग त्या साच्याची एकच शैली. "जमेल ते करून बघ" ही शिडी काढून टाकली. कुठल्याच साच्यात न बसणारं सगळं वेगळ्या तक्त्यात. नल वाढल्या, चारशेच्या घरात गेल्या. मॅडम आणि मी तीन दिवस रजिस्टरं घेऊन बसलो. कंटाळवाणं काम, पण एकदाच करायचं होतं. त्यातच वर्ष ०२१९ टाइप केलेली एक ठेव सापडली. डेट प्रकाराला वर्ष १ पासूनच्या तारखा चालतात, त्यामुळे सातवाहनांच्या अखेरच्या काळातली ही ठेव त्याने आनंदाने घेतली होती. जुन्या डेटटाइमने ती घेतली नसती, तो १७५३ च्या मागे जातच नाही. इंग्लंडने १७५२ साली कॅलेंडर बदलताना सप्टेंबरातले अकरा दिवस गाळले, त्या भानगडीत पडायला नको म्हणून पुढच्या वर्षापासून सुरुवात. सांगलीच्या पतसंस्थेला त्या अकरा दिवसांचं काय पडलंय, पण त्या कुंपणाने निदान हा घोटाळा तरी अडवला असता.

मग सभासदांच्या जन्मतारखा. इथे रविवारची युक्ती चालत नाही, माणसं रविवारीही जन्मतात. पण आपल्याकडे दुसरी खूण आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली १ जून. साठी-सत्तरीतल्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी. माझ्या पहिल्या भरणीत ही सगळी मंडळी ६ जानेवारीला जन्मली होती. दुसऱ्या भरणीनंतर दिवसवार मोजून बघितलं, सगळ्यांत उंच आकडा १ जूनवर आला तेव्हा जीव भांड्यात पडला. खोट्या जन्मतारखांनी खरा डेटा ओळखून दिला.

दुसरा उंच आकडा मात्र १ जानेवारी १९०० चा होता. जन्मतारीख न दिलेले सभासद. रिकाम्या मजकुराची तारीख करायला सांगितली तर एसक्यूएल सर्व्हर नल देत नाही, एररही देत नाही, १ जानेवारी १९०० देतो. त्याचा शून्य दिवस तो. परिणाम असा की जन्मतारीख नसलेला प्रत्येक सभासद ११९ वर्षांचा झाला आणि ज्येष्ठ नागरिकांचं अर्धा टक्का जादा व्याज त्याला लागू झालं. त्यात नुकतीच कॉलेजात गेलेली एक मुलगीही होती. एलट्रिम, आरट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणारे) आणि नलइफ (रिकाम्याचं नल करणारं), हे तिन्ही रूपांतराच्या आधी लावले की प्रश्न मिटतो. ट्राय_कन्व्हर्टच्या भरवशावर राहिलो तर मिटत नाही, कारण त्याच्या लेखी रूपांतर यशस्वीच झालेलं असतं.

याच्या उलट टोकाला दोन आकडी वर्षांची मंडळी. ०१/०६/४८ म्हणजे १९४८ हे आपल्याला कळतं. सर्व्हरची मर्यादा २०४९ वर आखलेली असते, ४९ पर्यंतची वर्षं तो या शतकात ढकलतो आणि ५० पासूनची मागच्या. म्हणून १९५० च्या आजी बरोबर आल्या आणि १९४८ चे आजोबा अजून जन्मायचेच होते. जन्मतारीख आजच्या पुढची असेल तर शंभर वर्षं वजा करायची, एवढं डेटअ‍ॅडला सांगितलं. ठेवींच्या तारखांना हाच उपाय लावून चालणार नाही, तिथे मुदतपूर्ती भविष्यातच असते.

तिसऱ्या शाखेने वेगळंच वाढून ठेवलं. त्यांचा फॉक्सप्रो कधीच बंद पडला होता, सगळं एक्सेलमध्ये. फाइल आत घेतली तर तारखेच्या रकान्यात ४३५६३. हा एक्सेलचा दिवसांचा अनुक्रमांक, एवढं माहीत होतं. आकड्यालाच डेटटाइम केलं. १० एप्रिल २०१९ आली. नीटनेटकी तारीख, बुधवार, काही खटकण्यासारखं नाही. पण आता शहाणपण आलं होतं, आधी वार मोजले. रविवारी ढीगभर ठेवी आणि मंगळवारी एकही नाही. सगळा आठवडाच दोन दिवस पुढे सरकलेला.

दोन दिवस का? एक दिवस यासाठी की एक्सेल १ जानेवारी १९०० ला एक म्हणतो आणि एसक्यूएल सर्व्हर शून्य. दुसरा दिवस त्याहून मजेचा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही. एक्सेल मात्र २९ फेब्रुवारी १९०० होती असं धरून चालतो. त्याच्या आधी लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये ही चूक होती, आणि तिथल्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती मुद्दाम उचलली. कधीच न उगवलेल्या त्या दिवसाचा फटका ११९ वर्षांनी आमच्या तिसऱ्या शाखेला. दोन वजा केले, ८ एप्रिल आली, रविवार रिकामा झाला.

त्याच फाइलमध्ये मोबाइल नंबर ९.८२२१२ई+००९ असे आले. एक्सेलमधून येताना रकाना फ्लोट, म्हणजे दशांश आकड्यांचा, धरला गेला होता, आणि फ्लोटचा सरळ मजकूर केला की हे वैज्ञानिक रूप मिळतं, शेवटचे आकडे कायमचे गेलेले. आधी बिगइंट (मोठा पूर्णांक), मग मजकूर. इंट या साध्या पूर्णांकात बसवायचा प्रयत्नही करू नका, त्याची मजल २१४ कोटींपर्यंत, आपला नंबर ९०० कोटींच्या पुढचा. काही ओळींत कुणीतरी हौसेने मराठी कीबोर्डवरून तारीख टाकली होती, ०८/०४/२०१९ देवनागरी अंकांत. दिसायला किती छान. सर्व्हरला ते अंक नुसती अक्षरं वाटतात. २०१७ च्या आवृत्तीत ट्रान्सलेट आहे, एका झटक्यात दहाही अंक बदलतं. आमच्याकडे २०१४, त्यामुळे एकात एक दहा रिप्लेस. त्यातही देवनागरी अंकाच्या अवतरणचिन्हाआधी एन (हा युनिकोड मजकूर आहे, ही खूण) लावायला विसरलो आणि सगळ्या अंकांची प्रश्नचिन्हं झाली. हे विसरणं माझं दरवर्षी एकदा होतंच.

डिसेंबरभर जुनं रजिस्टर आणि नवी प्रणाली समांतर चालवली. महिनाअखेरीला कॅशबुक जुळेना. फरक बरोबर ३१ तारखेच्या जमेएवढा. माझ्या हाताखालच्या पोराने बिटवीन लावून १ ते ३१ डिसेंबर लिहिलं होतं. नव्या प्रणालीत नोंदीला वेळही चिकटलेली, आणि ३१ डिसेंबर असं नुसतं म्हटलं की ३१ च्या मध्यरात्रीचा ठोका. सकाळी दहाला काउंटर उघडल्यावरचं सगळं बाहेर. त्याने लगेच शेवटी २३:५९:५९.९९९ जोडलं. आता जमेत १ जानेवारीचं व्याजही आलं, प्रणाली ते रात्री बाराच्या ठोक्याला टाकते. डेटटाइम सेकंदाचे तीनशे भाग करतो, ९९९ मिलिसेकंद त्याच्याकडे नसतात. ९९७ तरी किंवा सरळ पुढचा दिवस. ती वेळ पुढच्या दिवशी गेली. १ डिसेंबरपासून पुढे आणि १ जानेवारीच्या आधी, असं मोठे-बरोबर आणि लहान लावून लिहिलं की मिलिसेकंदांचा विचारच करावा लागत नाही.

पावत्या छापायला मी फॉरमॅट वापरलं आणि पहिल्या पावतीवर ०८/००/२०१९ उमटलं. लहान एमएम म्हणजे मिनिटं, महिन्यासाठी मोठे लागतात. व्यवस्थापक साहेब म्हणाले, "शून्यावा महिना म्हणजे व्याज द्यायला नको." लाखा-कोटींचे स्वल्पविराम मात्र फॉरमॅटला भारतीय 'कल्चर', म्हणजे आकडे लिहायची देशी पद्धत, सांगितली की बरोबर पडतात, तेवढ्यासाठी ते ठेवलं. हजारो ओळींच्या याद्यांना ते फार हळू चालतं, तिथे कन्व्हर्ट आणि १०३ बरं. आणि क्रम लावायचा तो मूळ तारखेवर, सजवलेल्या मजकुरावर लावला तर १ डिसेंबर २ जानेवारीच्या आधी येऊन बसतो. ही पण चूक केली. फार वेळ नाही.

प्रणाली सुरू करायच्या आदल्या दिवशी शेवटची वारांची मोजणी केली. तिन्ही शाखा, सगळी वर्षं. रविवार: ३८.

पोटात गोळा आला. इतकं करूनही अडतीस? वर्ष-महिना-दिवसानुसार फोडलं तर अडतीसच्या अडतीस एकाच तारखेच्या निघाल्या. ३१ मार्च २०१९. मूळ मजकूर ३१/०३/२०१९, अदलाबदल शक्यच नाही. कॅलेंडर बघितलं, खरंच रविवार होता. मॅडमना फोन लावला.

"हो मग," त्या म्हणाल्या, "वर्षअखेर होती ना. रात्री साडेदहापर्यंत बसलो होतो आम्ही. वडापाव मागवले होते."